रक्ताचा फेरा : माशापासून माणसापर्यंत

हें भाषण आपण ऐकत असतां आपल्या प्रत्येकाच्या छातींत एक काम अखंड चाललें आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्याचें हृदय मिनिटाला सुमारें ७० वेळां आकुंचन पावतें आणि दर ठोक्याला अदमासें ७० घन सेंटिमीटर रक्त पुढें लोटतें. म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. माझें बोलणें संपावयास वीस मिनिटें लागतील असें धरलें, तर तेवढ्या अवधींत आपल्या हृदयानें शंभर लिटर रक्त लोटलेलें असेल. सबंध दिवसाचा हिशेब मांडला तर तो ७,००० लिटरांच्या वर जातो. परंतु गंमत अशी कीं, मनुष्याच्या शरीरांत एकंदर रक्त असतें तें ५ लिटरांच्या आसपास! मग हें शंभर लिटर रक्त आलें कोठून, आणि गेलें कोठें?

उत्तर आज शाळेंतील मुलाला ठाऊक आहे. तेंच रक्त पुन्हां पुन्हां फिरतें. पण हें साधें उत्तर सांपडावयास मनुष्यजातीला फार काळ लागला, आणि तें सांपडलें तें केवळ मनुष्याच्या शरीराकडे पाहून नव्हे. बेडूक, साप, मासे, अंड्यांतील कोंबडीचें पिल्लूं, एवढेंच काय पण नदींतील पारदर्शक कोळंबी, या सर्वांनीं त्या शोधांत साक्ष दिली आहे. आज मी या साक्षीदारांचीच हकीकत सांगणार आहें. आणि शेवटीं, बेडकाच्या हृदयांत जी गोष्ट बिनतक्रार चालते तीच मनुष्याच्या बालकाच्या हृदयांत घडली तर काय अनर्थ होतो व तो कसा निवारतां येतो, हेंही सांगणार आहें.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलन नांवाचा ग्रीक वैद्य रोमन साम्राज्यांत फार प्रसिद्धि पावला. त्याचें म्हणणें असें होतें कीं, खाल्लेल्या अन्नापासून यकृतांत रक्त तयार होतें, तें शिरांवाटे सर्व शरीरांत जातें आणि तेथें अवयवांच्या पोषणांत खर्ची पडतें. पाटाचें पाणी शेतांत सोडावें आणि तें जमिनींत जिरून जावें, तशी ही कल्पना. हृदयाच्या उजव्या बाजूचें कांहीं रक्त मधल्या पडद्यांतील अदृश्य छिद्रांतून डाव्या बाजूस झिरपतें, असेंही त्यानें सांगितलें. हीं छिद्रें कोणीं पाहिलीं नव्हतीं. पण गेलननें सांगितलें एवढें पुरेसें होतें, आणि तब्बल चौदाशें वर्षें हेंच मत प्रमाण मानलें गेलें.

या मताला पहिला छेद युरोपांत गेला नाहीं. इब्न अल्-नफीस हा अरब वैद्य तेराव्या शतकांत दमास्कस व कैरो येथें होऊन गेला. तो १२८८ सालीं वारला. त्यानें स्वच्छ लिहून ठेवलें कीं, हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रें नाहींत. उजव्या कप्प्यांतील रक्त फुप्फुसांत जातें, तेथें हवेशीं त्याचा संबंध येतो, आणि मग तें डाव्या बाजूस येतें. दुर्दैवानें त्याचा हा लेख पुढें विस्मृतींत गेला व १९२४ सालीं एका इजिप्शियन वैद्याला बर्लिनच्या ग्रंथालयांत सांपडला. दरम्यान सोळाव्या शतकांत युरोपांतही सर्व्हेटस व कोलोंबो यांनीं फुप्फुसांतून होणाऱ्या या प्रवासाचें वर्णन केलें. परंतु रक्त साऱ्या शरीरांतून फिरून परत येतें, असें अद्याप कोणीं सिद्ध केलें नव्हतें.

तें केलें विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें. हार्वे १५७८ सालीं जन्मला, इटलींत पाडुआ येथें शिकला आणि पुढें इंग्लंडच्या राजाचा वैद्य झाला. हृदयाची गति समजून घ्यावी म्हणून त्यानें प्रथम उष्ण रक्ताच्या प्राण्यांची हृदयें पाहिलीं. पण त्यांचे ठोके इतक्या वेगानें पडत कीं, आकुंचन कोणतें आणि प्रसरण कोणतें हेंच उमगेना. तो अगदीं निराश झाला. मग तो बेडूक, साप, लहान मासे, गोगलगाई यांच्याकडे वळला. या शीत रक्ताच्या प्राण्यांचें हृदय संथपणें चालतें. प्राणी मरावयास टेकला म्हणजे तें आणखी मंदावतें, आणि मग प्रत्येक हालचाल निरनिराळी दिसूं लागते. थेम्स नदींत सांपडणाऱ्या एका पारदर्शक कोळंबीच्या शरीरांत तर त्याला धडधडणारें हृदय खिडकींतून पाहावें तसें दिसलें.

सापावर त्यानें केलेला प्रयोग मोठा बोलका आहे. हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर त्यानें चिमट्यानें दाबली. क्षणांत हृदय रिकामें झालें, फिकट पडलें, लहान झालें. ती सोडून मग हृदयापासून निघणारी मोठी रोहिणी दाबली, तों हृदय तट्ट फुगलें आणि काळसर जांभळें झालें. यावरून रक्त कोणत्या वाटेनें येतें आणि कोणत्या वाटेनें जातें याविषयीं शंका उरली नाहीं.

यानंतर त्यानें केला तो हिशेब. आरंभीं आपण केला तसाच. दर ठोक्याला हृदयांतून बाहेर पडणारें रक्त त्यानें मुद्दाम अगदीं थोडें धरलें, म्हणजे कोणीं आक्षेप घेऊं नये. अर्ध्या तासांत ठोकेही त्यानें एक हजारच धरले. तरीसुद्धां अर्ध्या तासांत हृदयांतून जाणारें रक्त साऱ्या शरीरांत असतें त्याहून अधिक भरलें. कसाई जनावर कापतो तेव्हां पाव तासाच्या आंत त्याचें सर्व रक्त वाहून जातें, हा रोजचा अनुभव त्यानें जोडीला घेतला. एवढें रक्त अन्नापासून क्षणोक्षणीं नवें तयार होणें अशक्य, आणि एवढें रक्त अवयवांत जिरणेंही अशक्य. तेव्हां तें परत आलेंच पाहिजे. १६२८ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें त्याचें अवघें बहात्तर पानांचें लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झालें. या मतामुळें सारें जग आपलें वैरी होईल अशी धास्ती त्यानें त्यांतच बोलून दाखविली आहे. पुस्तक निघाल्यावर रोग्यांची त्याच्याकडील ये-जा कमी झाली, लोक त्याला विक्षिप्त समजूं लागले, असें त्याच्या परिचयाच्या एका चरित्रकारानें नमूद केलें आहे. पण १६५७ सालीं तो वारला त्यापूर्वीं त्याचें मत बहुतेक विद्वानांनीं मान्य केलेलें त्याला पाहावयास मिळालें.

श्रोतेहो, हार्वेचा एक प्रयोग आपणांस या क्षणीं, बसल्या जागीं करून पाहतां येईल. आपला एक हात खालीं सोडा. हाताच्या शिरा किंचित् फुगून वर आल्या म्हणजे कोपराच्या खालची एखादी सरळ ठळक शीर निवडा. तिच्यावर मधून मधून बारीक गांठी दिसतील. त्या ठिकाणीं शिरेच्या आंत झडपा असतात. आतां गांठीच्या खालीं, मनगटाच्या बाजूस, एका बोटानें शीर दाबून धरा. दुसऱ्या बोटानें तिच्यांतील रक्त कोपराच्या दिशेनें गांठीपलीकडे सारा व तें बोट उचला. गांठीपासून पहिल्या बोटापर्यंत शीर रिकामीच राहील. वरचें रक्त खालीं उतरणार नाहीं. पहिलें बोट उचलतांच मात्र ती खालून तत्काळ भरेल. याचा अर्थ असा कीं, शिरांतील रक्त हाताकडून हृदयाकडेच जातें, उलट येत नाहीं. या झडपा हार्वेच्या गुरूंनीं, पाडुआच्या फाब्रिसियस यांनीं, १६०३ सालीं वर्णिल्या होत्या; पण त्या कशासाठीं आहेत हें गुरूंना उमगलें नाहीं, शिष्याला उमगलें. शीर निळसर दिसते म्हणून आपल्याकडे तिला नीला म्हणतात. पण आंतील रक्त निळें नसतें बरें! तें गडद तांबडें असतें. त्वचेतून प्रकाश जातां-येतां तें निळसर भासतें, इतकेंच.

हार्वेच्या साखळींत एक दुवा मात्र उणा होता. रोहिणींतून गेलेलें रक्त नीलांत शिरतें कसें? त्याच्यापाशीं तें दाखविणारें सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें. तो दुवा १६६१ सालीं, हार्वेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, मार्सेलो मालपिघी या इटालियन शास्त्रज्ञानें शोधला. आणि तोही बेडकाच्याच फुप्फुसांत! रोहिणींचे फांटे फुटतां फुटतां शेवटीं केसाहूनही बारीक नलिकांचें जाळें होतें आणि त्याच नलिका पुन्हां एकत्र येऊन नीला बनतात, हें त्यानें पाहिलें. यांना आपण केशवाहिन्या म्हणतों. त्या इतक्या अरुंद असतात कीं, सूक्ष्म रक्तकणांना त्यांतून एकामागून एक, अंग चोरून जावें लागतें. आणि रक्ताचें खरें काम येथेंच होतें. हृदय व रोहिण्या हा केवळ वाहतुकीचा थाट. प्राणवायु देणें, अन्न पोंचविणें, कर्बाम्ल वायु व इतर मळ उचलणें, हा सारा व्यवहार केशवाहिन्यांच्या तलम भिंतींतून चालतो.

ही झाली शोधाची कथा. आतां निरनिराळ्या प्राण्यांनीं हा फेरा कसकसा योजिला आहे तें पाहूं.

प्रथम आपल्या स्वयंपाकघरांतलें न बोलावलेलें पाहुणें, झुरळ. त्याच्या पाठीच्या बाजूनें एक लांब नळी असते. तिला तेरा कप्पे असतात. हेंच त्याचें हृदय. ही नळी रक्त डोक्याकडे लोटते, पण तेथें गेल्यावर रक्ताला ठराविक नळ्या नसतात. तें शरीराच्या पोकळींत मोकळें पसरतें, सर्व अवयव त्यांत भिजतात, आणि मग तें नळीच्या बाजूच्या छिद्रांतून पुन्हां आंत शिरतें. केळीच्या वाफ्यांत पाणी सोडावें तसा हा प्रकार. झुरळाचें रक्त लाल नसतें, कारण त्याला प्राणवायु वाहावयाचा नसतो. हवा अंगावरील बारीक छिद्रांतून आंत शिरून नळ्यांच्या जाळ्यानें थेट प्रत्येक अवयवापर्यंत पोंचते. म्हणून संथ, मोकळ्या रक्तप्रवाहावरही झुरळ विजेसारखें पळूं शकतें.

खेकडा आणि कोळंबी यांचाही प्रवाह असाच मोकळा असतो; पण त्यांना कल्ले असतात आणि त्यांचें रक्त प्राणवायु वाहतें. मासे साफ करतांना हात रक्तानें माखतात, कोळंबी सोलतांना मात्र तसें होत नाहीं, हें कोंकणांतील प्रत्येक गृहिणी जाणते. याचें कारण असें कीं, आपल्या रक्तांतील प्राणवायु धरणारें द्रव्य लोहयुक्त आहे, म्हणून तें लाल. कोळंबी-खेकड्यांच्या रक्तांतील द्रव्य ताम्रयुक्त आहे, आणि हवा लागली म्हणजे तें फिकट निळें दिसतें. समुद्रांतील अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस, याचेंही रक्त ताम्रयुक्त व निळसर. पण तो चपळ शिकारी असल्यामुळें त्याला मोकळा प्रवाह पुरत नाहीं. त्याच्या रक्ताला बंदिस्त नळ्या असतात आणि हृदयें एक नव्हे, तीन असतात : दोन कल्ल्यांत रक्त लोटावयास आणि एक साऱ्या शरीरांत. आपल्या शेतांतील गांडुळाच्या रक्तवाहिन्याही बंदिस्तच असतात. त्याच्या रक्ताचा लाल रंग मात्र कणांत नसून रक्तद्रवांतच विरघळलेला असतो.

आतां पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांकडे वळूं. माशाचें हृदय मुख्यतः दोन कप्प्यांचें असतें : रक्त घेणारी एक कर्णिका आणि रक्त लोटणारी एक जवनिका. हृदय रक्त कल्ल्यांत लोटतें, तेथें तें पाण्यांतील प्राणवायु घेतें आणि तेथूनच पुढें शरीरभर जातें. मग परत हृदयाकडे. म्हणजे एका फेऱ्यांत रक्त हृदयांतून एकदांच जातें, आणि हृदयांत येतें तें प्राणवायु गमावलेलेंच रक्त. ही योजना साधी व निर्दोष आहे, पण तिला एक मर्यादा आहे. कल्ल्यांच्या केशवाहिन्यांतून जातांना रक्ताचा जोर ओसरतो आणि उरलेल्या जोरावर त्याला सारें शरीर फिरावें लागतें. पाण्याचा आधार असलेल्या माशाला तेवढें पुरतें.

प्राणी जमिनीवर आले, फुप्फुसानें श्वास घेऊं लागले, आणि प्रश्न बदलला. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात : दोन कर्णिका व एक जवनिका. शरीराकडून आलेलें रक्त उजव्या कर्णिकेंत, फुप्फुसांतून आलेलें डाव्या कर्णिकेंत. पण दोन्ही उतरतात एकाच जवनिकेंत. तेथें कांहीं मिसळ होतेच, जरी हृदयाच्या आंतील रचनेमुळें दोन्ही प्रवाह बऱ्याच अंशीं निरनिराळे राहतात. ही मिसळ बेडकाला जाचत नाहीं. त्याचें शरीर थंड, गरजा थोड्या. शिवाय तो ओलसर त्वचेनेंही प्राणवायु घेतो. पाली-सरडे, साप यांच्या जवनिकेंत अर्धवट पडदा आलेला असतो. मगरीच्या हृदयांत तो पुरा होऊन चार कप्पे झालेले असतात. तरी हृदयाबाहेर दोन रोहिण्यांना जोडणारें एक छिद्र तिनें राखून ठेवलें आहे. पाण्याखालीं दम धरून राहिली असतां फुप्फुसांकडे जाणारें कांहीं रक्त मगर शरीराकडेच वळवूं शकते. जेथें हवा नाहीं तेथें रक्त पाठवून काय उपयोग?

पक्षी आणि सस्तन प्राणी यांनीं मात्र पडदा पुरा केला. या प्राण्यांना शरीर सदैव उष्ण ठेवावयाचें असतें. त्यासाठीं तेवढ्याच वजनाच्या सरड्यापेक्षां अनेकपट प्राणवायु लागतो. येथें मिसळ परवडत नाहीं. म्हणून हृदय म्हणजे एका भिंतीच्या दोहों बाजूंना बसविलेले दोन पंपच झाले. उजवा पंप रक्त फुप्फुसांत लोटतो, डावा शरीरांत. याचा दुसरा लाभ असा कीं, दोन्ही बाजूंचा दाब निरनिराळा ठेवतां येतो. फुप्फुसांचीं पुटें नाजूक, म्हणून तिकडे दाब बेताचा, डाव्या बाजूच्या सुमारें पांचव्या हिश्श्याएवढा. शरीराकडे मात्र जोरदार.

हा दाब प्रथम मोजला स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें. त्यानें घोडीच्या रोहिणीला उंच कांचेची नळी जोडली, तों रक्त ८ फूट ३ इंच चढलें! हा वृत्तान्त त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केला. जिराफाची तर गोष्टच निराळी. त्याचें डोकें हृदयाच्या वर दोन मीटरांहून अधिक उंचीवर असतें; तेथवर रक्त चढवावयाचें म्हणून त्याचा रक्तदाब माणसाच्या सुमारें दुप्पट असतो. तो पाणी पिण्यास मान खालीं घालतो तेव्हां मानेंतील नीलांच्या झडपा रक्ताला डोक्याकडे उलट वाहूं देत नाहींत. आणि एवढ्या दाबानें पाय सुजूं नयेत म्हणून पायांची त्वचा घट्ट मोज्यासारखी आवळलेली असते.

प्राणी जितका लहान तितकें त्याचें हृदय घाईचें. हत्तीचें हृदय मिनिटाला सुमारें ३० ठोके देतें, उंदराचें ५०० च्या वर. अमेरिकेंतील चिमुकल्या गुंजनपक्ष्याचें तर हजाराचीही मर्यादा ओलांडतें. निळ्या देवमाशाच्या हृदयाची गति कित्येक वर्षें नुसत्या तर्काचा विषय होती. २०१८ सालीं कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रांत एका देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून ती मोजली गेली. खोल बुडी मारतांना ती मिनिटाला दोन ठोक्यांपर्यंत उतरली होती आणि वर येऊन श्वास घेतांना ३७ पर्यंत चढली होती.

श्रोतेहो, आतां मी माझ्या शेवटच्या व महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतों. पडदा पुरा असणें हें सस्तन प्राण्याचें वैशिष्ट्य, असें मीं म्हटलें. पण आपण सर्वजण आयुष्याचे पहिले नऊ महिने या नियमाला अपवाद होतों. आईच्या उदरांत बालकाचें फुप्फुस काम करीत नाहीं. प्राणवायु येतो तो आईच्या रक्तांतून, नाळेवाटे. म्हणून गर्भाच्या हृदयांत दोन्ही कर्णिकांमध्यें एक खिडकी असते, आणि फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी व महारोहिणी यांना जोडणारी एक आडवाट असते. या दोहोंतून बहुतेक रक्त फुप्फुसांना वगळून जातें. बालक जन्मतें, पहिला टाहो फोडतें, फुप्फुसें हवेनें फुलतात, आणि रक्ताचा मार्ग बदलतो. डाव्या बाजूचा दाब वाढून खिडकीचा पडदा लागतो, आणि आडवाट कांहीं तासांत वा दिवसांत आकसून बंद होते. ज्या रडण्यानें घरांत आनंद होतो त्या रडण्याबरोबर केवढें स्थित्यंतर घडून येतें, हें घरांतील मंडळींना कळतही नाहीं.

परंतु क्वचित् हृदयाची घडण चुकते. दर हजार बालकांमागें आठ-दहांच्या हृदयांत जन्मतः कांहींना कांहीं दोष असतो. त्यांतील एक प्रकार फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य फालो यांनीं १८८८ सालीं तपशीलवार वर्णिला. यांत जवनिकांच्या मधल्या पडद्याला भोंक असतें आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. उजव्या बाजूचें प्राणवायुहीन रक्त फुप्फुसांकडे न जातां भोंकावाटे पलीकडे जाऊन शरीरांत शिरतें. म्हणजे बेडकाच्या हृदयांतील ती मिसळच. पण येथें शरीर उष्ण, गरज मोठी, आणि त्वचेनें श्वास घेण्याची सोय नाहीं. बालकाचे ओठ, जीभ, नखें निळीं पडतात. चार पावलें खेळून तें उकिडवें बसतें. असलीं मुलें पूर्वीं डोळ्यांदेखत मावळत, आणि आईबापांना हात चोळीत बसण्यापलीकडे कांहीं करतां येत नसे.

अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत हेलन टॉसिग नांवाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांची श्रवणशक्ति गेली होती. मुलांच्या हृदयाचे ठोके त्या बोटांनीं स्पर्श करून ओळखीत. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ज्या निळ्या मुलांची ती गर्भावस्थेंतील आडवाट उघडी राहिलेली असते तीं बरीं असतात, आणि ती बंद झाली कीं खालावतात. मग तशी आडवाट मनुष्यानें बांधून कां देऊं नये? शल्यवैद्य आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनीं हें काम अंगावर घेतलें, आणि त्यांचे प्रयोगशाळेंतील सहकारी व्हिव्हियन टॉमस यांनीं कित्येक कुत्र्यांवर प्रयोग करून ही शस्त्रक्रिया बसविली. टॉमस हे कृष्णवर्णी. वैद्यकाची पदवी घेण्याची संधि त्यांना मिळाली नव्हती. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हां टॉमस हे ब्लॅलॉक यांच्या मागें चौरंगावर उभे राहून टांके कसे घालावे तें सांगत होते. हाताकडे जाणारी रोहिणी वळवून ती फुप्फुसाच्या रोहिणीला जोडण्यांत आली. ती मुलगी पुढें कांहीं महिन्यांनीं गेली; पण तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं मेजावरील मुलाचे निळे ओठ सर्वांच्या डोळ्यांदेखत गुलाबी झाले. टॉमस यांना त्यांच्या कामाबद्दल मानाची डॉक्टरेट मिळाली ती १९७६ सालीं.

पुढें ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें जॉन गिबन यांनीं हृदयाचें व फुप्फुसांचें काम कांहीं काळ यंत्राकडे सोंपवून हृदयांतील भोंक प्रथमच यशस्वीपणें शिवलें. आज फालोच्या दोषाचीं बहुसंख्य मुलें पुरी दुरुस्ती होऊन मोठीं होतात, शिकतात, संसार करतात. आपल्याकडेंही ही शस्त्रक्रिया होते.

पण शस्त्रक्रिया होण्यापूर्वीं दोष कळला पाहिजे, आणि तो पुष्कळदां प्रथम दिसतो तो घरांत, आईला किंवा आजीला. तेव्हां एवढें ध्यानांत असूं द्यावें : बालकाचे नुसते हातपाय थंडीनें निळसर झाले तर तें बहुधा किरकोळ असतें, परंतु ओठ व जीभ निळी दिसूं लागली, दूध पितांना तें वारंवार थकून थांबूं लागलें, त्याच्या कपाळावर घाम येऊं लागला, किंवा त्याचें वजन वाढेनासें झालें, तर ‘वाढेल तसें सुधारेल’ असें म्हणून दिवस घालवूं नयेत. नवजात बालकाच्या हातापायाला लहानसा चिमटा लावून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण मोजतां येतें. त्याला सुई लागत नाहीं कीं दुखत नाहीं. ही तपासणी अवश्य मागून घ्यावी.

हार्वेनें सापाची शीर दाबून पाहिली, मालपिघीनें बेडकाचें फुप्फुस भिंगाखालीं धरलें, टॉमस यांनीं कुत्र्यांच्या रोहिण्या जोडून पाहिल्या. या मुक्या प्राण्यांनीं आपला जीव देऊन जें सांगितलें त्याच्यावर आज आपलीं मुलें वांचतात. हें ऋण फेडण्याचा निदान एक मार्ग असा कीं, त्यांच्याकडून मिळालेलें ज्ञान आपण वेळेवर उपयोगांत आणावें. माझें भाषण सुरू झाल्यापासून आपल्या हृदयाचे सुमारें चौदाशें ठोके पडले असतील, आणि तेंच पांच लिटर रक्त अदमासें वीस वेळां फिरून आलें असेल. घरांत तान्हें मूल असेल त्यांनीं आज रात्रीं त्याच्या छातीवर क्षणभर हलकेंच हात ठेवून पाहावा, आणि दिव्याच्या उजेडांत त्याच्या ओठांचा रंगही पाहून घ्यावा.